क्रॅश डम्प अर्धवट राहतो तेव्हा: दुसऱ्या कर्नलची मेमरी कुठे संपते ते कसे शोधावे

नाशिक परिसरातील सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळताना एकच दोष मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला आहे. सर्व्हर कर्नल पॅनिक होऊन (म्हणजे कर्नल, हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबून) पडतो, पडण्याचे कारण कळावे म्हणून केडम्पची, म्हणजे पडतानाची मेमरी फाइलीत उतरवून (डम्प करून) ठेवण्याची, व्यवस्था आधीपासून लावलेली असते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तपासायला बसावे तर डम्प हाती लागत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्याच कुळातील रॉकी व अल्मा ही वितरणे डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत लिहिली आहे. उबुंटूमध्ये फाइलींची नावे वेगळी असली तरी तपासाचा क्रम तोच राहतो. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टंकावीत.

लक्षणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारे लक्षण म्हणजे /व्हार/क्रॅश या फोल्डरात तारीख-वेळेचे उपफोल्डर तयार झालेले असते, पण आत "व्हीएमकोअर-इनकम्प्लीट" नावाची फाइल पडलेली असते. लेखन सुरू असताना केडम्प फाइलीला हेच नाव देतो आणि ते पूर्ण झाल्यावरच नुसते "व्हीएमकोअर" करतो. म्हणून हे शेपूट दिसले, तर लेखन सुरू झाले होते पण मध्येच तुटले, एवढे निश्चित समजावे.

काही वेळा फोल्डरच तयार होत नाही आणि यंत्र मात्र आपोआप पुन्हा सुरू झालेले असते. कन्सोलकडे कोणाचे लक्ष असेल तर "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस", "पेज अलोकेशन फेल्युअर" किंवा "सिस्टिम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी" यांपैकी एखादा संदेश त्याला दिसतो. कर्नल अद्ययावत केल्यानंतर, नवे नेटवर्क किंवा स्टोरेज कार्ड बसवल्यानंतर, अथवा डेटाबेससाठी हगपेजेस (मेमरीचे नेहमीपेक्षा मोठे तुकडे, म्हणजे पाने) राखून ठेवल्यानंतर पूर्वी नीट चालणारा डम्प बंद पडला असेल, तर पुढचे सारे वाचणे आवश्यक आहे.

मेमरी नेमकी कोणाची संपते

कारखान्यातील माणसे मला हमखास विचारतात, "साहेब, सर्व्हरला ३२ जीबी रॅम आहे, मग मेमरी कमी कशी पडते?" प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच सगळा तपास दडलेला आहे. लिनक्समध्ये २००५ साली आलेल्या २.६.१३ या कर्नलपासून केडम्पची रचना अशी आहे की, बूट होतानाच रॅमचा एक लहान तुकडा "क्रॅशकर्नल" या पॅरामीटरने बाजूला काढला जातो आणि त्यात एक दुसरा कर्नल निजवून ठेवलेला असतो. मुख्य कर्नल कोसळला की हा दुसरा कर्नल जागा होतो, पहिल्याची सर्व मेमरी त्याला /प्रोक/व्हीएमकोअर या फाइलीच्या रूपात वाचता येते, पण स्वतःच्या कामासाठी मात्र त्याला फक्त तो बाजूला काढलेला तुकडाच मिळतो. पहिल्याच्या ३२ जीबींना तो हात लावू शकत नाही, कारण तोच तर पुरावा असतो.

रेड हॅट ९ कुळात एक्स-८६ यंत्रांवर या तुकड्याचे मूळ माप असे आहे: १ ते ४ जीबी रॅमच्या यंत्रावर १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीपर्यंत २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी. पूर्वीचे "ऑटो" हे मूल्य या आवृत्तीत काढून टाकले आहे. म्हणजे ३२ जीबीच्या सर्व्हरवरही दुसऱ्या कर्नलला २५६ एमबींतच संसार करायचा असतो, आणि त्यातूनच त्याची स्वतःची प्रतिमा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारा लहान फाइलसंच), ड्रायव्हर आणि लेखन करणारा मेकडम्पफाइल हा प्रोग्रॅम या सगळ्यांची सोय लागते.

पहिली तपासणी: व्यवस्था चालू तरी आहे का

हिला एक मिनिट लागते आणि यंत्र बंद करावे लागत नाही. /सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड ही फाइल वाचावी. उत्तर १ आले तर दुसरा कर्नल चढवलेला आहे. ० आले तर तो चढलेलाच नाही आणि मेमरीचा शोध घेण्यात अर्थ नाही. शेजारच्या केएक्सेक_क्रॅश_साइझ या फाइलीत राखून ठेवलेली मेमरी बाइट्समध्ये दिसते. ग्रबमध्ये (बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) माप वाढवले पण यंत्र पुन्हा सुरूच केले नाही, असा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, कोणी कितीही खात्रीने "५१२ केले आहे" असे सांगितले तरी मी हा आकडा स्वतः वाचल्याशिवाय पुढे जात नाही. उबुंटूवर "केडम्प-कॉन्फिग शो" या आज्ञेच्या उत्तरात "रेडी टू केडम्प" असे दिसले पाहिजे.

त्याच बैठकीत /व्हार/क्रॅश ज्या डिस्कवर आहे तिथली मोकळी जागा पाहून घ्यावी. डिस्क भरल्यामुळेही "इनकम्प्लीट" फाइलच मागे राहते, आणि जुने डम्प साठलेल्या सर्व्हरवर हेच खरे कारण निघते.

दुसरी तपासणी: यंत्राला त्याचा अंदाज विचारावा

"केडम्पसीटीएल एस्टिमेट" ही आज्ञा सध्या राखलेली मेमरी, शिफारस केलेली मेमरी, कर्नल व इनिटरॅमएफएस यांची मापे आणि मोठ्या मोड्यूलांची (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या भागांची) यादी दाखवते. शिफारस राखलेल्या मापापेक्षा जास्त असेल तर निम्मे निदान येथेच झाले. ती कमी असेल तरी निश्चिंत होऊ नये. येथे मोड्यूलाचा स्वतःचा आकार मोजला जातो. ते चालू झाल्यावर कार्डासाठी जे बफर मागून घेते, ते या हिशेबात येत नाहीत. माझ्या अनुभवात खरी मेमरी त्या बफरांनीच खाल्लेली असते.

डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर विशेष काळजी घ्यावी. लक्स-२ पद्धतीत पासवर्डापासून किल्ली तयार करताना आर्गॉन-२ हे गणित मुद्दाम पुष्कळ मेमरी वापरते, आणि ती मागणी १ जीबीपर्यंत जाऊ शकते. २५६ एमबींत हे कुलूप उघडणारच नाही. अशा ठिकाणी मी डम्प कूटबद्ध नसलेल्या वेगळ्या विभाजनावर किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणे पसंत करतो. मात्र डम्पमध्ये मेमरीतील माहिती जशीच्या तशी असते, त्यामुळे ही जागा बदलण्याआधी यंत्राच्या मालकाची संमती घ्यावी.

तिसरी तपासणी: मुख्य कर्नलच्या सवयी दुसऱ्याला लागल्या आहेत का

ही तपासणी स्वस्त आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. दुसऱ्या कर्नलची आज्ञारेषा पहिल्याच्या आज्ञारेषेवरूनच तयार होते. डेटाबेससाठी पहिल्याला हजारो हगपेजेस राखायला सांगितले असेल आणि तीच सूचना दुसऱ्याकडेही गेली, तर तो जागा होताच आपली चिमूटभर मेमरी हगपेजेसना देऊन टाकतो. /इटीसी/सिसकॉन्फिग/केडम्प या फाइलीत काढून टाकायच्या पॅरामीटरांची यादी असते. तिच्यात "हगपेजेस" आहे याची खात्री करावी. एवढ्यावर थांबू नये. हीच संख्या सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या) फाइलीत लिहिलेली असेल तर ती फाइल केडम्पच्या इनिटरॅमएफएसमध्ये शिरलेली असू शकते. "एलएसइनिटआरडी" या आज्ञेने ती प्रतिमा उघडून आत सिसकंट्रोलच्या कोणत्या फाइली आहेत ते पाहावे.

त्याच फाइलीत जोडायच्या पॅरामीटरांमध्ये "एनआर_सीपीयूज=१" असायला हवे. अनेक ड्रायव्हर प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी रांग आणि वेगळे बफर तयार करतात, त्यामुळे प्रोसेसर एकच ठेवला की मेमरीची मागणी मोठ्या प्रमाणात घटते. डम्प लवकर व्हावा म्हणून कोणी हा आकडा वाढवलेला असेल, किंवा मेकडम्पफाइलला अनेक धागे वापरायला सांगितले असेल, तर तो बदल आधी मागे घ्यावा.

/इटीसी/केडम्प.कॉन्फ या फाइलीत मेकडम्पफाइलपुढे "-डी ३१" आहे ना, हेही पाहून घ्यावे. ३१ हा आकडा १, २, ४, ८ आणि १६ यांची बेरीज आहे: शून्यांनी भरलेली पाने, कॅशची दोन प्रकारची पाने, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांची पाने आणि मोकळी पाने अशी पाच प्रकारची पाने त्यामुळे वगळली जातात. याने मुख्यतः डिस्कवरील जागा आणि वेळ वाचतो. मेकडम्पफाइलची स्वतःची भूक तशी लहान असते. प्रत्येक ४ केबीच्या पानामागे तो एक बिट धरतो, म्हणजे ३२ जीबीच्या यंत्रासाठी एक नकाशा १ एमबीचा होतो आणि असे दोन नकाशे लागतात. १ टीबी रॅमच्या यंत्रावर हाच एक नकाशा ३२ एमबींचा होतो, आणि तेव्हा मात्र त्याचा विचार करावा लागतो.

चौथी तपासणी: ठरवून केलेली चाचणी

येथपासून यंत्र पाडावे लागते. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागून घ्यावा, बॅकअप झाल्याची खात्री करावी, डेटाबेस व्यवस्थित बंद करावा, "सिंक" आज्ञा द्यावी (तिने मेमरीतील लिहायचे राहिलेले सारे डिस्कवर उतरते) आणि मगच सिसआरक्यू ट्रिगर या कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या फाइलीमध्ये "सी" हे अक्षर लिहून पॅनिक घडवावा. पिंपळगाव बसवंत परिसरातील शीतगृहांकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षे प्री-कूलिंगला लागलेली असताना, मी ही परवानगी मागतच नाही. हंगाम उतरल्यावर मागतो.

चाचणीआधी सिरीयल कन्सोल (कर्नलचे संदेश केबलने दुसऱ्या यंत्रावर दाखवणारी सोय) जोडणे मी सक्तीचे मानतो. तो नसेल तर सर्व्हरच्या दूरनियंत्रण कार्डातून सिरीयल-ओव्हर-लॅन चालू करावे. केडम्प आपली नोंद "केएक्सेक-डीमेसेज.लॉग" या फाइलीत डम्पशेजारी ठेवतो खरा, पण मेमरी संपून लेखनच मारले गेले असेल तर ही नोंदही मागे राहत नाही. तेव्हा सिरीयल कन्सोलवर उमटलेल्या ओळी एवढाच आधार उरतो.

कन्सोलवर मेमरीविषयी एकही तक्रार नाही आणि ओळी एकाएकी थांबून यंत्र पुन्हा सुरू झाले, तर मेमरीचा शोध तेथेच थांबवावा. बहुधा हार्डवेअर वॉचडॉगची (अडकलेले यंत्र आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळाची) मुदत संपून त्याने यंत्र पुन्हा सुरू केलेले असते, किंवा वीजपुरवठा तुटलेला असतो. हा फरक न ओळखता क्रॅशकर्नल वाढवत बसल्याने मी एकदा अंबडमध्ये पूर्ण सुट्टीचा दिवस वाया घालवला होता.

पाचवी तपासणी: डम्प होत असताना मेमरी मोजणे

खरे काम हेच आहे आणि ते टाळून फक्त आकडा वाढवणे मला पटत नाही. अंदाजाने वाढवलेला आकडा आज पुरतो आणि पुढच्या कर्नलबरोबर नवा ड्रायव्हर आला की पुन्हा अपुरा पडतो. मेमरी कोण खातो हे मात्र तेव्हाही ठाऊक नसते.

मोजण्यापूर्वी क्रॅशकर्नल तात्पुरते दुप्पट करून यंत्र पुन्हा सुरू करावे. हे उलटे वाटेल, पण मेमरी मध्येच संपली तर शिखराचा आकडा कधीच हाती येत नाही, शिवाय मोजणारे साधनही थोडी मेमरी घेतेच. मग सिसकॉन्फिगच्या फाइलीतील जोडायच्या पॅरामीटरांमध्ये "आरडी.मेमडीबग=" आणि त्यापुढे पातळीचा आकडा लिहून केडम्प सेवा पुन्हा सुरू करावी. पातळी १ वर इनिटरॅमएफएसच्या प्रत्येक टप्प्याला मेमइन्फोमधील (मेमरीची स्थिती सांगणाऱ्या फाइलीतील) काही निवडक ओळी छापल्या जातात, २ वर संपूर्ण मेमइन्फो, ३ वर त्याच्या जोडीला स्लॅबची (कर्नल स्वतःच्या लहान नोंदींसाठी राखतो त्या मेमरीची) माहिती, ४ वर मेमस्ट्रॅक या मेमरी मोजणाऱ्या साधनाचा गोषवारा आणि ५ वर मेमरी मागणाऱ्या फंक्शनांची साखळी. शेवटच्या दोन पातळ्यांसाठी मेमस्ट्रॅक हे पॅकेज बसवून केडम्पचे इनिटरॅमएफएस पुन्हा बांधावे लागते.

मी नेहमी २ पासून सुरुवात करतो. टप्पे सीएमडीलाइन, प्री-यूडेव्ह, प्री-ट्रिगर, इनिटक्यू, प्री-माउंट, माउंट आणि प्री-पिव्हट अशा क्रमाने येतात. प्रत्येक टप्प्यावरील "मेमअव्हेलेबल" (नव्या कामाला मिळू शकणारी मेमरी) हा आकडा कागदावर एकाखाली एक लिहावा. प्री-ट्रिगर आणि प्री-माउंट यांच्या दरम्यान ड्रायव्हर चढतात, म्हणून मोठी घसरण तिथेच दिसली तर संशय ड्रायव्हरांवर घ्यावा. पहिल्याच टप्प्यावर आकडा खाली असेल तर इनिटरॅमएफएस फुगलेले आहे किंवा हगपेजेसचा प्रकार आहे. त्यासाठी "हगपेजेस_टोटल" ही ओळ पाहावी.

"मेमफ्री" या आकड्यावर विसंबू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. डम्प डिस्कवर लिहिला जात असताना लिहिलेली पाने कॅशमध्ये साठत जातात आणि मेमफ्री जवळजवळ तळाला जाते. हा दोष नव्हे, कारण ती पाने डिस्कवर पोहोचली की कर्नल ती परत घेऊ शकतो. मात्र "डर्टी" (डिस्कवर जायची बाकी पाने) आणि "राइटबॅक" (डिस्कवर जात असलेली पाने) हे आकडे फुगून तसेच राहिले तर डिस्क संथ आहे असे समजावे. "एसअनरिक्लेम" म्हणजे स्लॅबमधील परत न मिळणारा भाग. तो चढतच असेल तर पातळी ३ वर जाऊन कोणता स्लॅब वाढतो ते पाहावे.

याहून अवघड प्रसंग असा की, मेमइन्फोमधील सगळ्या ओळींची बेरीज केली तरी एकूण मेमरीशी हिशेब जुळत नाही. काही ड्रायव्हर स्लॅबला न विचारता थेट पाने घेतात आणि अशी पाने मेमइन्फोच्या कोणत्याच ओळीत दिसत नाहीत. ही हरवलेली मेमरी शोधायला मेमस्ट्रॅकच लागतो. तो प्रत्येक मोड्यूलाने आणि प्रोग्रॅमने किती मेमरी घेतली आणि शिखर कुठे गेले याची नोंद ठेवतो व शेवटी यादी देतो. अंबडमधील एका सुट्या भागांच्या कारखान्यात या यादीत सर्वांत वर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर होता, आणि डम्प तर त्याच सर्व्हरच्या डिस्कवर लिहायचा होता. त्या ड्रायव्हरची तिथे गरजच नव्हती.

मेमडीबग टप्प्याटप्प्यालाच छापतो, त्यामुळे लेखन चालू असतानाचा काळ त्यात अंधारात राहतो. त्यासाठी केडम्प.कॉन्फमधील "केडम्प_प्री" या सोयीने मी एक छोटी स्क्रिप्ट जोडतो. ती पार्श्वभूमीवर दर दोन सेकंदांनी मेमअव्हेलेबल, डर्टी आणि एसअनरिक्लेम या ओळी /डेव्ह/केएमएसजी मध्ये लिहीत राहते, म्हणजे त्या कन्सोलवर उमटतात. स्क्रिप्टने स्वतः ० हाच निकाल परत द्यावा, नाहीतर केडम्प लेखन सुरूच करत नाही. आणि तिला लागणाऱ्या "ग्रेप" व "स्लीप" या आज्ञा "एक्स्ट्रा_बिन्स" मध्ये नोंदवाव्यात, कारण इनिटरॅमएफएसमध्ये त्या असतीलच असे नाही.

सापडलेल्या आकड्याचे काय करावे

आधी खर्च कमी करावा आणि मग तुकडा वाढवावा, हा माझा क्रम आहे. डम्पला न लागणारा ड्रायव्हर केडम्प.कॉन्फमधील "ड्रॅकट_आर्ग्ज" या ओळीतून "ओमिट-ड्रायव्हर्स" देऊन वगळावा आणि "केडम्पसीटीएल रिबिल्ड" करावे. स्टोरेजचा ड्रायव्हर वगळू नये. ज्या डिस्कवर लिहायचे तीच मग दिसणार नाही. डम्प नेटवर्कवर जात असेल तर नेटवर्कच्या ड्रायव्हरलाही हाच नियम लागू आहे.

यानंतर नवे शिखर मोजावे, त्यावर साधारण एक चतुर्थांश मोकळीक धरावी आणि तो आकडा क्रॅशकर्नलला द्यावा. ८ जीबीच्या यंत्रावर सरळ १ जीबी राखून टाकणे मला मान्य नाही, कारण रोजचे काम त्या मेमरीला कायमचे मुकते. माप मोठे झाल्यामुळे ४ जीबीच्या खाली सलग जागा मिळत नसेल तर "हाय" हा पर्याय वापरावा. त्या वेळी एक्स-८६ यंत्रांवर कर्नल ४ जीबीच्या खालीही किमान २५६ एमबी आपोआप वेगळे राखतो, हे एकूण हिशेबात धरावे.

शेवटी मेमडीबग आणि स्क्रिप्ट दोन्ही काढून टाकावेत, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधावे आणि एक चाचणी या अंतिम मापावर, मोजणीच्या साधनांशिवाय करावी. तपासासाठी "फेल्युअर_ॲक्शन" (डम्प फसल्यावर काय करायचे ती सूचना) शेलवर ठेवले असेल तर ते पुन्हा रीबूटवर आणावे, नाहीतर पुढच्या खऱ्या पॅनिकला सर्व्हर रात्रभर कोणाची तरी वाट पाहत उभा राहील.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

बॅकअपची खात्री नसलेल्या सर्व्हरवर चौथी तपासणी करूच नये. तेथे तिसरीपर्यंतचे निष्कर्ष लिहून थांबावे. कन्सोलवर मशीन चेक (प्रोसेसरने कळवलेला हार्डवेअरचा दोष) किंवा ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या) मेमरीच्या चुका दिसल्या तर रॅम किंवा प्रोसेसर खराब असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञच बोलवावा. दुसऱ्या कर्नलमध्ये रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) जागेच होत नसेल, म्हणजे मेमरी पुरेशी असून डिस्कच दिसत नसेल, तर प्रश्न कार्डाच्या फर्मवेअरचा असू शकतो. कारखान्याची माहिती ज्या कार्डावर उभी आहे त्याचे फर्मवेअर बदलण्याचे काम स्वतः अंगावर घेऊ नये. मेमस्ट्रॅकच्या यादीत एकच ड्रायव्हर शेकडो एमबी घेताना दिसला आणि तो वगळता येत नसेल, तर वितरणाच्या अधिकृत सपोर्टकडे तक्रार नोंदवावी. त्यांना मेमस्ट्रॅकची यादी, टप्प्यांचे आकडे, कर्नलची आवृत्ती आणि सिरीयल कन्सोलची पूर्ण नोंद एकत्र द्यावी. व्हीएमकोअर फाइल मात्र करार तपासल्याशिवाय कोणालाही पाठवू नये, कारण वापरकर्त्यांची पाने वगळली तरी कर्नलच्या मेमरीत किल्ल्या आणि ग्राहकांची माहिती शिल्लक असू शकते.